उंबरठ्याच्या आत

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला तारखांचे भान जरा जास्तच असते. ३१ मार्च आणि ३० सप्टेंबर या तारखा निवृत्तीनंतरही अंगातून जात नाहीत. पण आमच्या घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात २५ नोव्हेंबर या तारखेला विशेष असे काही छापलेले नसायचे. एकादशी आली तर एकादशी, नाहीतर दुधाचा खाडा लिहायला मोकळा चौकोन. अलीकडे वर्तमानपत्रांतल्या ‘दिनविशेष’ सदरात मात्र त्या तारखेपुढे ‘स्त्रियांवरील हिंसाचार निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिन’ असे भलेमोठे नाव दिसते. ते वाचून आपण पान उलटतो. जगात रोजच कसला ना कसला दिन असतो, असे म्हणून मोकळे होतो.

या दिवसाची कथा मात्र बसून ऐकण्यासारखी आहे. ती न्यूयॉर्कच्या काचेच्या इमारतीत सुरू होत नाही. ती सुरू होते कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर, डोंगरातल्या एका वळणावळणाच्या रस्त्यावर.

डोमिनिकन प्रजासत्ताक हा हैतीच्या शेजारचा छोटा देश. १९३० पासून तिथे राफाएल त्रुहियो या हुकूमशहाची सत्ता होती. राजधानीला त्याने स्वतःचे नाव दिले होते, यावरून माणसाची कल्पना यावी. त्या देशात साल्सेदोजवळच्या खेड्यात मिराबाल नावाचे एक खातेपिते कुटुंब राहत होते. चार बहिणी. पात्रिया, देदे, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा. मिनेर्वाला वकील व्हायचे होते. ती कायदा शिकली, पदवीही मिळवली, पण वकिलीची सनद तिला मिळू दिली गेली नाही. हुकूमशहाला नकार देणाऱ्या मुलीला सनद कोण देणार? पुढे ती, तिचा नवरा, बहिणी आणि त्यांचे नवरे त्रुहियोविरुद्धच्या गुप्त संघटनेत ओढले गेले. संघटनेत या बहिणींना ‘फुलपाखरे’ म्हणत. १९६० साली धरपकड झाली. मिनेर्वा आणि मारिया तेरेसा तुरुंगात गेल्या आणि काही महिन्यांनी सुटल्या. नवरे मात्र आतच राहिले.

२५ नोव्हेंबर १९६० रोजी पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा पुएर्तो प्लाता इथल्या तुरुंगात नवऱ्यांना भेटायला गेल्या होत्या. परतताना डोंगररस्त्यात त्यांची जीप अडवली गेली. त्यांना आणि त्यांच्या चालकाला, रुफिनो दे ला क्रूझला, ठार मारून मृतदेह पुन्हा जीपमध्ये ठेवले आणि जीप दरीत ढकलून दिली. ‘अपघात’ अशी बातमी दिली गेली. लोकांनी ती मानली नाही. सहा महिन्यांनी, ३० मे १९६१ रोजी, त्रुहियोचीच हत्या झाली. त्या तिघींच्या मृत्यूने लोकांच्या मनातली भीती गेली आणि जागा संतापाने घेतली, असे त्या देशातले लोक आजही सांगतात.

चौथी बहीण देदे त्या दिवशी गाडीत नव्हती, म्हणून वाचली. तिने स्वतःच्या तीन मुलांबरोबर बहिणींची सहा मुले वाढवली आणि २०१४ पर्यंत, म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षे जगून, येईल त्याला ती गोष्ट सांगत राहिली. ‘तू का वाचलीस?’ असे लोक तिला विचारत. गोष्ट सांगायला कोणीतरी उरायला हवे होते, असे तिचे उत्तर असे. कादंबरी लिहिणारी बाई म्हणून मला देदे त्या तिघींइतकीच मोठी वाटते. मरणाऱ्यांचे स्मारक होते. नऊ मुलांची जेवणखाणे, शाळा आणि आजारपणे निभावणाऱ्या बाईचे होतेच असे नाही.

आता कोणी म्हणेल, ही तर राजकीय हत्या झाली. घरात बायकोला मारणाऱ्या नवऱ्याचा आणि या हुकूमशहाचा संबंध काय? जुलै १९८१ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात लॅटिन अमेरिकेतल्या स्त्रियांचे पहिले मोठे संमेलन भरले, तेव्हा त्यांनी हा संबंध जोडला. तुरुंगात छळ करणारा शिपाई आणि घरात छळ करणारा नवरा, दोघांचीही खात्री असते की, आपल्याला विचारणारे कोणी नाही. त्या संमेलनाने २५ नोव्हेंबर हा दिवस ठरवला. दहा वर्षांनी, १९९१ मध्ये, वेगवेगळ्या देशांतल्या कार्यकर्त्या अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या केंद्रात एकत्र आल्या आणि त्यांनी त्या दिवसाला सोळा दिवसांची मोहीम जोडली. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर. दहा डिसेंबर हा मानवी हक्क दिन. या दोन तारखा एका दोऱ्यात ओवल्या की न बोलता एक विधान होते: बाईला मारणे हा मानवी हक्काचा भंग आहे. १७ डिसेंबर १९९९ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने हा दिवस अधिकृत केला. खाली ठरला आणि अठरा वर्षांनी वर मान्य झाला, असा त्याचा प्रवास आहे.

आज आपल्याला हे विधान साधे वाटते. ते मान्य व्हायला मात्र पंचेचाळीस वर्षे लागली. १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा झाला. त्याच्या पहिल्याच कलमात इंग्रजीत ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता. ‘त्यात बायका आल्याच की’ असे तेव्हाचे मोठमोठे लोक म्हणत होते. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी हट्ट धरला आणि त्या जागी ‘सर्व मानव’ असा शब्द आला. हंसाबेन मूळच्या सुरतेच्या, पण मुंबईतल्या स्वातंत्र्यलढ्यात आणि स्त्रीशिक्षणाच्या कामात त्या अग्रभागी होत्या. पुढे बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. एका शब्दासाठी भांडणारी ही बाई आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी होती, असे मला नेहमी वाटते.

शब्द बदलला, पण विचाराची चौकट तीच राहिली. मानवी हक्क म्हणजे सरकारपासून नागरिकाचे संरक्षण. पोलिसांनी विनाचौकशी डांबले, सैन्याने गोळ्या घातल्या, तर तो हक्कांचा भंग. नवऱ्याने हात मोडला तर तो घरगुती मामला. आंतरराष्ट्रीय कायदा जगातल्या सगळ्या सरहद्दी ओलांडत होता आणि घराच्या उंबरठ्याशी येऊन चपला काढून थांबत होता. १८ डिसेंबर १९७९ रोजी स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नष्ट करणारा करार आमसभेने संमत केला. ‘सीडॉ’ या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. तीस कलमे आहेत. शिक्षण, नोकरी, आरोग्य, मतदान, कर्ज मिळण्याचा हक्क, सगळे आहे. पण त्यात हिंसाचाराचे स्वतंत्र कलम नाही. स्त्रियांच्या हक्कांचा जगातला सर्वांत मोठा दस्तऐवज, आणि त्यात मारहाणीचा थेट उल्लेखच नाही!

ही उणीव भरून काढली ती त्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने. १९८९ मध्ये एक छोटी शिफारस आणि १९९२ मध्ये एक सविस्तर. ती क्रमांक एकोणीसची शिफारस म्हणते की, बाई आहे म्हणून होणारी हिंसा हाच एक भेदभाव आहे, तेव्हा करारावर सही करणाऱ्या प्रत्येक सरकारला त्याबद्दल जाब द्यावा लागेल. पुढच्याच वर्षी, जून १९९३ मध्ये, व्हिएन्ना शहरात मानवी हक्कांची जागतिक परिषद भरली. तिथे १२४ देशांतून गोळा केलेल्या सुमारे पाच लाख सह्यांचे निवेदन पोहोचले. परिषदेच्या जोडीने स्त्रियांनी एक लोकन्यायालय भरवले आणि तीसहून अधिक बायकांनी उभे राहून आपापली हकिगत सांगितली. परिषदेच्या जाहीरनाम्यात वाक्य आले की, स्त्रियांचे आणि मुलींचे हक्क हे वैश्विक मानवी हक्कांचा अविभाज्य भाग आहेत. २० डिसेंबर १९९३ रोजी आमसभेने स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाचा स्वतंत्र जाहीरनामाच काढला आणि १९९४ मध्ये या विषयासाठी विशेष प्रतिनिधीचे पद निर्माण झाले. त्या पदावर पहिली नेमणूक झाली श्रीलंकेच्या राधिका कुमारस्वामी यांची.

या साऱ्यात एक कल्पना फार महत्त्वाची आहे आणि बँकेत काम केलेल्याला ती चटकन समजते. धनादेशाच्या कायद्यात, म्हणजे १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये, १३१ वे कलम आहे. क्रॉस केलेला चेक बँकेने ग्राहकासाठी वसूल केला आणि नंतर ग्राहक भामटा निघाला, तर बँकेला संरक्षण मिळते. पण केव्हा? बँक सद्भावनेने आणि हयगय न करता वागली असेल तरच. चोरी बँकेने केलेली नसते. तरीही खाते उघडताना चौकशी केली का, शंका यावी असे काही दिसत असताना डोळे मिटून घेतले का, हे न्यायालय विचारते. आंतरराष्ट्रीय कायद्याने सरकारांना नेमका हाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. मारले नवऱ्याने, हे खरे. पण ती तीन वेळा पोलीस ठाण्यावर आली होती, तेव्हा तुम्ही काय केलेत? हयगय केलीत का? केली असेल तर गुन्हा नवऱ्याचा आणि जबाबदारी तुमचीसुद्धा.

ही कल्पना कागदावरून जमिनीवर कशी उतरली, हे पाहायचे तर ब्राझीलच्या मारिया दा पेन्या यांची हकिगत ऐकावी. त्या औषधशास्त्र शिकलेल्या, फोर्तालेझा शहरात राहणाऱ्या, तीन मुलींच्या आई. १९८३ मध्ये एका रात्री त्या झोपेत असताना नवऱ्याने त्यांच्यावर गोळी झाडली. घरात दरोडेखोर शिरले होते, असा बनाव त्याने रचला. मारियाबाई वाचल्या, पण कमरेखाली कायमच्या लुळ्या झाल्या. इस्पितळातून काही महिन्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून घरी आल्या, तेव्हा त्याने अंघोळीच्या वेळी विजेचा धक्का देऊन पुन्हा मारण्याचा प्रयत्न केला. यानंतर त्यांनी घर सोडले आणि न्यायालयाची पायरी चढल्या.

त्या पायऱ्या किती होत्या पाहा. १९९१ मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवले, पण अपिलांच्या आधारे तो मोकळाच फिरत राहिला. १९९६ मध्ये पुन्हा खटला, पुन्हा दोषी, पुन्हा बाहेर. दरम्यान १९९४ मध्ये ब्राझीलच्याच बेलेम शहरात अमेरिका खंडातल्या देशांनी स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध करार केला होता. १९९८ मध्ये मारियाबाई आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या दोन संस्था खंडाच्या मानवी हक्क आयोगाकडे गेल्या. २००१ मध्ये आयोगाने निष्कर्ष काढला, तो नवऱ्याविषयी नव्हता. तो ब्राझील सरकारविषयी होता. एका बाईच्या बाबतीत पंधरा वर्षांहून अधिक काळ न्याय लांबवणे म्हणजे अशी हिंसा खपवून घेणे होय, असे त्याचे सार. २००२ मध्ये, गोळीबारानंतर एकोणीस वर्षांनी, तो माणूस गजाआड गेला. आणि ७ ऑगस्ट २००६ रोजी ब्राझीलने नवा कायदा केला. स्वतंत्र न्यायालये, मारणाऱ्याला घराबाहेर ठेवण्याचे आदेश, हे सारे त्यात आले. कायद्याला नाव पडले ‘मारिया दा पेन्या कायदा’. ज्या देशाने तिला ताटकळत ठेवले, त्या देशातल्या बायका आज तिच्या नावाचा कायदा हातात घेऊन ठाण्यावर जातात.

तुर्कस्तानातल्या दियारबकिर इथले एक प्रकरण तर आपल्याला फारच ओळखीचे वाटेल. जावई मुलीला आणि सासूला पुन्हा पुन्हा मारत होता, धमकावत होता. त्या तक्रार करत आणि धमक्यांपायी मागे घेत. तक्रार मागे घेतली म्हटल्यावर ठाण्यातली फाईल बंद. २००२ मध्ये आई मुलीला घेऊन दुसऱ्या शहरी निघाली असताना त्याने तिला गोळी घातली. ९ जून २००९ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तुर्की सरकारला जबाबदार धरले. तक्रार मागे घेतली म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही, ती कोणत्या भीतीने मागे घेतली हे पाहणे सरकारचेच काम, असा त्या निकालाचा रोख होता. आपल्याकडे किती ठाण्यांत ‘आपसात मिटले’ असा शेरा मारून किती कागद कपाटात गेले असतील!

हे सगळे परदेशी खूळ आहे, आपल्या संस्कृतीत हे बसत नाही, असे म्हणणारे एक गृहस्थ प्रत्येक लग्नाच्या पंगतीत भेटतात. त्यांना मी दोन गोष्टी सांगते. पहिली अशी की, या कथेतली माणसे डोमिनिकन, कोलंबियन, ब्राझिलियन आणि श्रीलंकन आहेत. पाश्चात्त्य देशांनी हे आपल्या गळ्यात मारले म्हणणे म्हणजे या बायकांचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा करणे.

दुसरी गोष्ट आपल्या अंगणातली आहे. व्हिएन्नाच्या कितीतरी आधी, १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचे प्रकरण घडले. नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर खुणा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता, असा एकूण सूर. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. मुंबई, पुणे, नागपूर, दिल्लीत स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर तिथून पुढे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आला. त्याच वर्षी विवाहितेच्या छळाचे ४९८ अ हे कलम आले. त्या वेळी मी बँकेत नुकतीच लागले होते. मधल्या सुट्टीत डबे उघडून आम्ही बायका ‘मथुरा’ हा शब्द हळू आवाजात उच्चारत असू, एवढे मला स्पष्ट आठवते.

मग आंतरराष्ट्रीय कराराचा आपल्याला उपयोग काय झाला? फार मोठा. भारताने सीडॉ करारावर १९८० मध्ये सही केली आणि ९ जुलै १९९३ रोजी त्याला मान्यता दिली. राजस्थानात साथीन म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवींनी बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाल्याचे प्रकरण आपल्याला माहीत आहे. त्यातून संस्थांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल लागला. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल देशात तेव्हा कायदाच नव्हता. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा, सुजाता मनोहर आणि बी. एन. कृपाल यांच्या पीठाने सांगितले की, घरचा कायदा नसेल तर आपण मान्यता दिलेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रकाशात राज्यघटनेतले मूलभूत हक्क वाचता येतील. सुजाता मनोहर या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश, हे इथे आठवावे. त्या निकालाने प्रत्येक कचेरीत तक्रार समिती नेमायला लावली आणि २०१३ मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला, त्याच्या उद्देशपत्रिकेतच व्हिएन्नाचा, १९९५ च्या बीजिंग परिषदेचा आणि सीडॉ समितीच्या शिफारशीचा उल्लेख आहे. म्हणजे बोगोटाहून निघालेली वाट तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यापर्यंत अशी येते.

या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याने हिंसाचाराच्या व्याख्येत शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि भावनिक छळाबरोबर ‘आर्थिक छळ’ घातला. घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन विकून टाकणे, हे सारे त्यात येते. न्यायदंडाधिकारी नवऱ्याला बँकेचे लॉकर किंवा खाते वापरायला मनाई करू शकतात, असे अठराव्या कलमात चक्क लिहिले आहे.

त्याचे महत्त्व मला कळते, कारण नव्वदच्या सुमारास तालुक्याच्या एका गावी शाखेत असताना एक बाई खाते उघडायला आल्या होत्या. ब्लाऊज शिवून चार पैसे मिळवत. फॉर्म भरून झाल्यावर त्यांनी काउंटरवर वाकून विचारले, “मॅडम, पासबुक इथंच ठेवता येईल का हो? घरी नको.” ते बँकेत ठेवता येत नाही म्हटल्यावर त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून मोठ्या बहिणीकडे ठेवले. महिन्यातून दोनदा येत, वीस-पन्नास रुपये भरत. हातावरच्या खुणांबद्दल त्या बोलत नसत आणि मीही विचारत नसे. वर्षभराने त्यांचे यजमान आले. “माझ्या बायकोचं खातं आहे इथं. किती पैसे आहेत ते बघायचंय.” मी म्हटले, “खातं त्यांच्या नावावर आहे. त्यांच्या सहीशिवाय काही सांगता येत नाही.” “अहो, नवरा आहे मी तिचा!” ते ओरडले. शाखेतली सगळी माणसे माना वर करून पाहू लागली. मी पुन्हा तेच वाक्य म्हटले. खाते आहे की नाही, हेसुद्धा सांगता येणार नाही, असेही वर म्हटले. ते चरफडत गेले.

मी काही धीट बाई नव्हते. पण नोकरीत रुजू होताना गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली होती आणि नियम छापील होता. तो छापील कागद नसता तर ‘नवरा आहे मी तिचा’ या वाक्यापुढे माझा निभाव लागला नसता. तेव्हापासून कागदावरच्या नियमाला हसणे मला जमलेले नाही. नियम स्वतः काही करत नाही. पण टेबलामागे बसलेल्या साध्या माणसाला तो पाय रोवायला जागा देतो. जिनिव्हा-न्यूयॉर्कच्या ठरावांचे कामही शेवटी एवढेच, आणि ते थोडे नव्हे.

म्हणून सारे आलबेल आहे असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगातल्या दर तीन स्त्रियांमागे साधारण एकीला आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसेला तोंड द्यावे लागते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणे २०२३ या एका वर्षात सुमारे ५१,१०० स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा घरातल्याच माणसाच्या हातून मारल्या गेल्या. रोजच्या सरासरी एकशे चाळीस. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के. त्याच सर्वेक्षणातला दिलासा देणारा एक आकडा माझ्या खात्यातला आहे. स्वतः वापरत असलेले बँक खाते असणाऱ्या स्त्रिया ५३ टक्क्यांवरून ७८.६ टक्क्यांवर गेल्या.

सरकारे दिलेला शब्द परतही घेतात. युरोपचा हिंसाचारविरोधी करार २०११ मध्ये इस्तंबूल शहरात सह्यांसाठी खुला झाला, त्याचेच नाव लावतो, आणि त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश तुर्कस्तान होता. त्याच तुर्कस्तानने मार्च २०२१ मध्ये अध्यक्षांच्या एका आदेशाने बाहेर पडण्याचे ठरवले आणि १ जुलैपासून तो बाहेर पडला. आपणही सीडॉला मान्यता देताना एक टीप जोडली आहे की, कोणत्याही समाजाच्या वैयक्तिक बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय आम्ही हस्तक्षेप करणार नाही. करारातल्या तक्रारीच्या जादा मसुद्यावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे मारिया दा पेन्यांसारखी आंतरराष्ट्रीय दाद आपल्याकडच्या बाईला त्या वाटेने मागता येत नाही. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही पत्नीवर पतीने केलेली बळजोरी बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवली आहे. उंबरठा अजून पुरता ओलांडलेला नाही, तो असा.

आता तुम्ही-आम्ही काय करायचे? मोर्चे, परिषदा प्रत्येकाच्या आवाक्यातल्या नसतात. पण २००५ च्या कायद्याचे चौथे कलम आपल्यासारख्यांसाठीच आहे. शेजारी, नातेवाईक, घरकामाला येणाऱ्या मावशी, शिक्षक, कोणीही, एखाद्या घरात अशी हिंसा होते आहे असे वाटले तर जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे, तातडीला ११२ आहे. माहिती सद्भावनेने दिली असेल तर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाही. ‘कशाला कोणाच्या घरात नाक खुपसा’ हे आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे निमित्त त्या कलमाने काढून घेतले आहे.

भिंतीपलीकडून आवाज येतो, तेव्हा आपण दूरदर्शनचा आवाज वाढवतो. त्याऐवजी उठावे आणि त्या दाराची बेल दाबावी. वाटीभर साखर मागावी, किल्ली विसरली म्हणावे, वाटेल ते निमित्त करावे. हात क्षणभर थांबतो, हे ज्यांनी बेल दाबून पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे. आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात ती बाई भेटली तर तिच्याकडे पाहून नजर वळवू नये. एवढेच म्हणावे, “मला ऐकू आलं होतं. काही लागलं तर मी आहे.” पुढचे ती ठरवील.